कथा-कविता वाचल्यावर वहीत काय लिहावे? महाविद्यालयात नव्याने आलेल्या वाचकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी शाळांतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला कवितेचा सारांश लिहिता येतो, मध्यवर्ती कल्पना सांगता येते, संदर्भासहित स्पष्टीकरणही देता येते. पण ‘ही कविता वाचून तुला काय वाटले?’ असे विचारले की तो गप्प होतो. वाचताना त्याला काहीच वाटत नाही असे मुळीच नाही. जे वाटते ते लिहिण्याच्या योग्यतेचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकेत ‘कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर शब्दांत वर्णन केले आहे’ असे लिहून हात इतका सरावलेला असतो की स्वतःच्या वहीतही तेच वाक्य उतरते. ते निसर्गावरच्या कोणत्याही कवितेखाली चालते, आणि ते लिहिणाऱ्याने कविता वाचली होती की नाही हेसुद्धा त्यावरून कळत नाही.

मराठी हा तुमचा ऐच्छिक विषय असो किंवा विज्ञान-वाणिज्य शाखेत भाषा विषय म्हणून घेतलेला असो, वाचनाच्या नोंदींची स्वतंत्र वही ठेवणे कोणालाही जमते. ती कशी ठेवावी हे येथे क्रमाने सांगतो. सगळ्या पायऱ्यांमागे मागणी एकच आहे: आधी स्वतःला जे झाले ते प्रामाणिकपणे लिहावे, आणि मग पुस्तकाच्या पानावर परत जाऊन ते नेमके कोठे झाले ते शोधावे. पहिली गोष्ट केली आणि दुसरी केली नाही, तर वहीत केवळ मतांचा साठा होतो. दुसरी केली आणि पहिली टाळली, तर पुन्हा उत्तरपत्रिकाच तयार होते.

वहीची मांडणी

रेघांची साधी दोनशे पानी वही पुरते. ती उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांची कामे वेगळी ठेवावीत. डावे पान लेखकाचे, उजवे पान तुमचे. डाव्या पानावर कथेचे किंवा कवितेचे नाव, लेखकाचे नाव, ज्या पुस्तकातून किंवा अंकातून वाचले त्याचे नाव, पृष्ठ क्रमांक आणि वाचल्याची तारीख लिहावी. त्याखाली मूळ मजकुरातील ओळी जशाच्या तशा उतरवाव्यात. कविता लहान असेल तर ती संपूर्ण उतरवावी. कथा असेल तर ज्यांच्यापाशी तुम्ही थबकलात ती दोन-तीन वाक्ये पुरेत.

हे उतरवणे हातानेच करावे असा माझा आग्रह आहे. फोनवर छायाचित्र काढणे सोपे आहे, परंतु त्यात ओळ डोळ्यांखालून जाते आणि मनात राहत नाही. हाताने लिहिताना ओळ कोठे तुटते, स्वल्पविराम कोठे आहे, कवीने एखादा शब्द ऱ्हस्व का ठेवला, हे प्रत्येक वेळी थांबून पाहावे लागते. कविता उतरवून होईपर्यंत तुमचे एक सावकाश वाचन आपोआप झालेले असते.

उजव्या पानावर फक्त तुमचे लेखन यावे. या पानाच्या कडेला दोन बोटे जागा कोरी सोडावी. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.

काय वाचावे, कोठून मिळवावे

सुरुवातीला आठ ते वीस ओळींच्या कविता आणि दहा-पंधरा पानांच्या कथा निवडाव्यात. महाविद्यालयाचे ग्रंथालय आहेच. त्याशिवाय बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचे आहे, आणि शहरात शिकायला येणाऱ्याने अशा वाचनालयाचे सभासदत्व पहिल्या वर्षीच घ्यावे. नवख्या वाचकाला माझी सर्वांत मोठी शिफारस मात्र जुन्या दिवाळी अंकांची आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेल्या या परंपरेत कथा आणि कविता यांना हक्काची जागा मिळत आली आहे. जुन्या अंकात तुम्हाला असे लेखक भेटतात ज्यांचे नाव तुम्ही ऐकलेले नसते, ज्यांच्यावर बाजारात गाईड नसते आणि ज्यांच्याविषयी वर्गात कोणी काही सांगितलेले नसते. टेकायला दुसऱ्याचे मत नसले की स्वतःचे मत तयार होऊ लागते.

आपल्या भागातील विद्यार्थी अभिमानाने प्रथम जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे वळतात. 1923 साली बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या आणि धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केलेल्या या लेखकाविषयी तसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही त्यांच्या कथा, विशेषतः नंतरच्या काळातील दृष्टान्ताच्या वळणाच्या कथा, वहीच्या पहिल्या महिन्यात घेऊ नयेत. त्या दीर्घ आहेत, प्रतिमांनी दाट आहेत, आणि त्यांचा अर्थ लावण्याच्या धडपडीत नवा वाचक स्वतःला काय वाटले हे विसरून जातो. काही महिन्यांनी, हात बसल्यावर, त्या अवश्य घ्याव्यात.

पहिले वाचन

कथा एका बैठकीत संपवावी. खानापूरहून किंवा निपाणीहून रोज बसने येणाऱ्यांना प्रवासाचा वेळ उपयोगी पडतो, पण पहिल्या वाचनासाठी मला बस योग्य वाटत नाही. उतरायचे ठिकाण जवळ येऊ लागले की शेवटची दोन पाने घाईत वाचली जातात, आणि कथेत शेवटच्या दोन पानांतच बरेच काही घडत असते. बसमध्ये दुसरे वाचन करावे. कविता मात्र मोठ्याने, निदान ओठ हलवून, सलग दोनदा वाचावी. वसतिगृहात संकोच वाटत असेल तर गच्चीवर जावे, पण आवाजात वाचल्याशिवाय कवितेवर एक शब्दही लिहू नये. ओळीचा वेग कोठे मंदावतो, श्वास कोठे घ्यावा लागतो, हे डोळ्यांना कळत नाही.

पहिल्या वाचनाआधी प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर आणि लेखकाचे चरित्र वाचू नये. बेळगावात दीर्घकाळ राहिलेल्या आणि येथे अध्यापन केलेल्या इंदिरा संत यांच्या कवितांबाबत ही काळजी फारच घ्यावी लागते. त्यांचे पती ना. मा. संत यांचे 1946 साली निधन झाले, ही माहिती विद्यार्थ्याला आधी मिळते, आणि मग त्यांच्या प्रत्येक कवितेतला पाऊस, प्रत्येक संध्याकाळ, प्रत्येक वाट पाहणे हे पतीच्या आठवणीचेच आहे असे तो गृहीत धरतो. काही कवितांच्या बाबतीत ते योग्यही असेल. पण ज्या कवितेत नुसता मिश्कीलपणा आहे, किंवा बाईच्या मनातला रोजच्या घरकामाचा शीण आहे, ती कविता अशा वाचकाच्या हातून निसटते. आधी कविता वाचावी, उजव्या पानावर आपले लिहावे, आणि त्यानंतर चरित्र वाचून ‘आता काय बदलले?’ हे वेगळ्या परिच्छेदात लिहावे. चरित्राचा खरा लाभ तेव्हा होतो.

पहिली नोंद

वाचून झाल्यावर दहा मिनिटांच्या आत चार-पाच वाक्ये लिहावीत. ती सुबक नसावीत, आणि ती कोणाला दाखवायचीही नसतात. ‘मला’ या शब्दाने सुरुवात करणे सोपे जाते: मला भीती वाटली, मला शेवट कळला नाही, मला मधल्या कडव्यानंतर कंटाळा आला. न कळलेले लिहिणे हे कळलेले लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण दुसऱ्या वाचनाची सुरुवात तेथूनच होते.

ही वाक्ये घरच्या बोलीत यावीत. ‘समजलं नाही खरं आवडलं’ असे मनात आले असेल तर तसेच लिहावे. आपल्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ येते, आणि त्या वाक्याचे ‘सदर कविता दुर्बोध असूनही आस्वाद्य वाटते’ असे रूपांतर करण्यात जी शक्ती खर्च होते तिच्याबरोबर मूळ भावनाही निघून जाते. प्रमाण मराठीत लिहिण्याची वेळ पुढे येणार आहे. पहिली नोंद ही ती वेळ नव्हे.

दुसरे वाचन: कविता

आता पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावे आणि पहिल्या नोंदीतील प्रत्येक वाक्याला ‘कोठे?’ असा प्रश्न विचारावा. हे प्रत्यक्ष कसे होते ते बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर पाहू. 1890 ते 1918 एवढेच आयुष्य लाभलेल्या या कवीची ही आठ ओळींची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलेली असते, आणि म्हणूनच ती नीट वाचलेली नसते.

समजा, तुमच्या पहिल्या नोंदीत असे आले: ‘मला आधी प्रसन्न वाटले, शेवटी थोडे उदास वाटले. का ते माहीत नाही.’ ही नोंद उत्तम आहे. आता पानावर जाऊन रंग मोजू. पहिल्या ओळीत हिरवाळी आहे, दुसरीत झरा निळासावळा आहे, चौथीत शेतमळ्यांची हिरवी गर्दी आहे, पाचवीत पायवाट पांढरी आहे, सहावीत हिरवी कुरणे ओलांडून ती काळ्या डोहाकडे निघाली आहे आणि सातवीत पाण्यावर काळिमा पसरला आहे. आठ ओळींपैकी सहा ओळींत रंग आहेत आणि ते हिरव्याकडून काळ्याकडे सरकत जातात. शेवटच्या ओळीत, जेथे औदुंबर येतो, तेथे रंग उरतच नाही. ‘का ते माहीत नाही’ या तुमच्या वाक्याचे एक उत्तर तुम्हाला येथे मिळते.

दुसरे उत्तर क्रियापदांत आहे. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. सगळे काही हलते आहे, आणि शेवटी औदुंबर मात्र पाय पाण्यात सोडून बसला आहे. इतका वेळ चालणारी कविता बसलेल्या झाडापाशी थांबते. आणखी एक गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनातच ध्यानात येते: चार घरांचे गाव आहे, शेते आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसासारखा बसलेला आहे तो एकटा वृक्ष. पहिल्या नोंदीतला ‘थोडे उदास’ हा शब्द आता तुम्हाला ‘एकटे’ असा बदलावासा वाटेल. तसा वाटला तर बदलावा, पण आधीचा खोडू नये. त्याच्याखाली नवा लिहावा.

त्याच कवितेत काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे. तो गोड का, याचे उत्तर मिळाले नाही तर उजव्या पानावर प्रश्न म्हणून ठेवावे. काही प्रश्न वर्षभर वहीत राहतात, त्याने काही बिघडत नाही. गाईडमधून उत्तर आणून ती जागा भरण्यापेक्षा रिकामा प्रश्न चांगला.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. रंग मोजले, क्रियापदे मोजली की काम झाले असे काही विद्यार्थ्यांना वाटू लागते आणि पुढच्या प्रत्येक कवितेत ते रंगच मोजत बसतात. मोजायचे काय हे तुमच्या पहिल्या नोंदीवरून ठरते. आवाजाने अस्वस्थ केले असेल तर आवाज शोधावेत, एखादा शब्द पुन्हापुन्हा आल्याने बोचला असेल तर तो कोठेकोठे आला ते पाहावे.

दुसरे वाचन: कथा

कथेकडे वेगळ्या रीतीने जावे लागते, कारण तेथे आपण घटनांत गुंततो आणि त्या घटना आपल्याला कोण सांगत आहे हे विसरतो. म्हणून कथेच्या दुसऱ्या वाचनात पहिला प्रश्न हाच असावा: हे कोणाच्या डोळ्यांनी दिसते आहे? इंदिराबाईंचे पुत्र प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा या प्रश्नासाठी फार चांगल्या आहेत, आणि त्यांतली कानडीच्या शेजारची मराठी तर आपल्या कानांना घरची वाटते. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ राहणारा शाळकरी मुलगा त्या सांगतो. त्याला जे दिसते ते तो सांगतो. त्याचा अर्थ मात्र कित्येकदा त्याला कळलेला नसतो आणि वाचकाला कळतो. आपल्या मनात जी कालवाकालव होते ती या दोहोंमधल्या अंतरात होते. वाचताना डोळे भरून आले असतील, तर मुलाने नेमके काय न सांगता सोडले आहे तेथे पेन्सिलीची खूण करावी.

नवशिक्यांना ही पद्धत एका कल्पित कथेवरून अधिक स्पष्ट होईल. समजा, कथेत धाकटी बहीण जमिनीच्या वाटणीच्या कागदावर सही करण्यासाठी माहेरी आली आहे. शिवारात नट्टीची, म्हणजे भाताची रोपे लावण्याची, कामे चालू आहेत, सगळ्यांची धांदल आहे. वहिनी चहा देते, भाऊ पावसाविषयी बोलतो, सही होते, आणि बस येण्याआधी भाऊ तिच्या हातात तिकिटाचे पैसे ठेवतो. ती पैसे घेते. कथा संपते. विद्यार्थ्याची पहिली नोंद असते: ‘भावाचा फार राग आला. स्त्रियांवर अन्याय होतो हे लेखकाने दाखवून दिले आहे.’

या नोंदीतले पहिले वाक्य त्याचे आहे, दुसरे त्याला शाळेने दिलेले आहे. दुसऱ्याखाली रेघ मारून बाजूला ठेवावे आणि पहिल्याला विचारावे: राग कोठे आला? सही होते तेव्हा? पुन्हा वाचल्यावर दिसते की सहीचे वाक्य अगदी कोरडे आहे. तेथे राग येत नाही. राग तिकिटाच्या पैशांपाशी येतो. भाऊ वाईट आहे असे लेखकाने कोठेही म्हटलेले नाही, उलट पैसे देणे हे वरकरणी मायेचेच कृत्य आहे. पण एकरांचा हक्क सोडून दिलेल्या हातात तिकिटापुरती रक्कम आली, आणि ती तिने घेतली. मग आणखी पुढे जाता येते. कथा बहिणीच्या नजरेतून आहे; भावाने पैसे देताना मान खाली घातली होती असे एक अर्धे वाक्य आहे. ते पहिल्या वेळी तुमच्या नजरेतून सुटले होते. आता राग थोडा कमी झाला का? झाला असेल तर तसे लिहावे, नसेल तर तेही लिहावे. पहिल्या नोंदीत अन्याय हा एक मोठा शब्द होता. आता तुमच्याकडे एक हात, काही नोटा आणि खाली गेलेली मान आहे, आणि यांवर लिहिता येते.

कथेच्या बाबतीत आणखी दोन जागा नेहमी तपासाव्यात. पहिला परिच्छेद शेवट वाचून झाल्यावर पुन्हा वाचावा. चांगल्या कथेत तो दुसऱ्या वेळी वेगळा वाटतो. आणि कथेत काळ कोठे उडी मारतो ते पाहावे. मधली दोन वर्षे लेखकाने का गाळली असतील, हा प्रश्न एका पानाची नोंद सहज देतो.

स्वतःची आठवण किती यावी

वैयक्तिक प्रतिसाद म्हटले की आठवणी येणारच, आणि त्या याव्यात. औदुंबर म्हटल्यावर निपाणी-चिक्कोडीकडच्या मुलाला नृसिंहवाडी आठवते, दत्ताच्या देवळातला पार आठवतो, आजीबरोबर घातलेल्या प्रदक्षिणा आठवतात. ही आठवण खरी आहे आणि तिला उजव्या पानावर जागा आहे. पण कवितेत देव नाही, देऊळ नाही, प्रदक्षिणा नाही. आठवण कवितेच्या अर्थात मिसळली की ‘या कवितेत कवीने दत्तभक्ती व्यक्त केली आहे’ असे वाक्य तयार होते, आणि ते चुकीचे असते.

म्हणून एक नियम पाळावा. आठवणीचा परिच्छेद वेगळा लिहावा, आणि तो संपल्यावर पुढचे वाक्य पुस्तकातल्या एखाद्या शब्दापासून सुरू करावे. ‘आमच्या पारावरच्या औदुंबराभोवती कायम माणसे असत, बालकवींच्या औदुंबराजवळ कोणीच नाही’ असे वाक्य आले की आठवण कामाला आली. तिने तुम्हाला कवितेतली उणीव नव्हे, तर कवितेतली शांतता दाखवली. आठवण परत येतच नसेल, दोन पाने आजीवरच झाली असतील, तर तो आजीवरचा स्वतंत्र लेख आहे. तो जपून ठेवावा, चांगला असू शकतो, पण त्याला वाचनाची नोंद म्हणू नये.

तपासण्याची एक साधी कसोटी आहे. नोंदीवरचे कवितेचे नाव झाकावे आणि मित्राला वाचायला द्यावी. कोणत्या कवितेवर लिहिले आहे हे त्याला ओळखता आले नाही, तर नोंद अजून पानापर्यंत पोहोचलेली नाही.

तीन भाषांच्या मध्ये बसून वाचताना

आपल्याकडचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कानडी ऐकतो, वर्गात बहुतेक विषय इंग्रजीत शिकतो. याची खंत करण्यात वेळ घालवू नये. वाचक म्हणून यात तोटा आहे तसा मोठा लाभही आहे. तोटा असा की पुण्या-मुंबईकडचे किंवा विदर्भातले काही शब्द आपल्याला अनोळखी असतात, आणि ते अडले की आपण कमी पडलो असे वाटते. अशा वेळी शब्दाचा अर्थ आधी ओळीवरून अंदाजाने उजव्या पानावर लिहावा, मगच शब्दकोश उघडावा. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी आहे. दाते-कर्वे यांचा 1932 ते 1938 या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अनेक ग्रंथालयांत असतो आणि त्यात बोलींतले शब्दही सापडतात. अंदाज चुकला असेल तर तो का चुकला हे पाहण्यासारखे असते, कारण ओळीने तुम्हाला त्या दिशेला नेलेले असते.

लाभ असा की दोन भाषांत एकाच गोष्टीकडे कसे पाहिले जाते हे तुम्हाला न शिकता माहीत असते. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती. त्यांनी कानडीत कविता लिहिली आणि 1973 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना त्या कवितेसाठी मिळाला. तुम्हाला कानडी लिपी वाचता येत असेल तर त्यांची एखादी लहान कविता मुळातून मोठ्याने वाचावी आणि प्रतिसाद मराठीत लिहावा. सगळा अर्थ लागला नाही तरी चालेल. नादाने काय झाले तेवढेच लिहावे. हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना करता येते. तुम्हाला ते सहज करता येत असताना केवळ परीक्षेत नाही म्हणून सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र लेखक आपल्या भागातला आहे म्हणून कथा आवडलीच पाहिजे, असे स्वतःवर बंधन घालू नये. आपल्या गावाचे नाव छापलेले पाहून होणारा आनंद आणि कथेने दिलेला आनंद हे वहीत दोन वेगळ्या वाक्यांत लिहावेत.

न आवडलेले लिहिताना

‘आवडली नाही’ एवढ्यावर थांबू नये. कंटाळा आला, राग आला, पटले नाही आणि समजले नाही या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळा कोणत्या पानापासून आला? पटले नाही ते पात्राचे वागणे की लेखकाचा शेवट? उत्तर नेमके दिले तर न आवडलेल्या कथेवरची नोंद पुष्कळदा आवडलेल्या कथेवरच्या नोंदीपेक्षा सरस होते. थोर लेखकाची कविता आवडली नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. पण दोनदा मोठ्याने वाचल्याखेरीज तसे लिहूही नये.

महिन्याभराने

उजव्या पानाच्या कडेला कोरी सोडलेली जागा यासाठी आहे. महिना-दीड महिन्याने मूळ मजकूर पुन्हा वाचून त्या जागेत वेगळ्या शाईने दोन-तीन वाक्ये आणि तारीख लिहावी. जुन्या नोंदी दुरुस्त करू नयेत. पहिल्या सत्रात तुम्ही जे लिहिले ते तिसऱ्या वर्षी बालिश वाटेल, तरी ते तुमच्याच वाचनाचे दप्तर आहे आणि त्यात खाडाखोड केली की आपण कोठून कोठे आलो हे कळायला मार्ग उरत नाही.

वहीतून लेख करताना

भित्तिपत्रकासाठी, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी किंवा स्वाध्याय म्हणून तीनशे-चारशे शब्दांचा लेख मागितला जातो, तेव्हा वहीतली सगळी निरीक्षणे त्यात कोंबू नयेत. एक निवडावे. ‘औदुंबर’मधले रंग निवडले तर क्रियापदे सोडून द्यावीत, किंवा त्यांचा उल्लेख एका वाक्यात करावा. कथानक दोन-तीन वाक्यांत सांगावे. ज्याने कथा वाचलेली नाही त्याला तुमचा मुद्दा समजण्यापुरतेच. लेखकाचा जन्म, शिक्षण आणि पुरस्कार यांनी सुरुवात करू नये, कारण ती माहिती कोणालाही मिळते. ज्या वाक्यापाशी तुम्ही अडलात त्या वाक्यापासून सुरुवात करावी.

बोलीतली पहिली नोंद आता प्रमाण मराठीत आणावी लागेल. आणताना ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘मन हेलावून टाकणारी’ हे शब्द लेखणीच्या टोकावर येतात. त्यातला एकेक शब्द काढून त्याच्या जागी मूळ मजकुरातली ती वस्तू ठेवावी जिच्यामुळे मन हेलावले. तिकिटाचे पैसे लिहिले की ‘हृदयस्पर्शी’ लिहावे लागत नाही. फोनवर मागून घेतलेले तयार रसग्रहण शेजारी ठेवून लिहू नये. ते वाचताच स्वतःची नोंद फिकी वाटू लागते आणि आपण नकळत त्याची शब्दयोजना उचलतो.

छापायला देण्याआधी डाव्या पानावरून उद्धृत केलेल्या ओळी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहाव्यात. कवितेची ओळ आठवणीतून लिहिली की एखादा शब्द हमखास बदलतो, आणि जुन्या कवितांचे अनुस्वार तर नक्कीच गळतात. लेखकाचे नाव, आद्याक्षरे आणि कवितेचे शीर्षक पुन्हा तपासावे.

कविता ऐकल्यावर

थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. कथाकथन आणि कविसंमेलन ही त्यांतली गर्दीची सत्रे असतात. नव्या वाचकाने वही घेऊन तेथे जावे. ऐकलेल्या कवितेवरची नोंद वाचलेल्या कवितेपेक्षा वेगळी करावी लागते, कारण ओळ मागे वळून पाहता येत नाही. सत्र चालू असताना लिहीत बसू नये; कानात राहिलेला एखादा शब्द किंवा अर्धी ओळ तेवढी टिपावी आणि घरी पोहोचताच बाकीचे लिहावे. त्यात कवीच्या आवाजाने केलेला परिणाम, टाळ्यांनी केलेला परिणाम आणि शब्दांनी केलेला परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न करावा. टाळ्या कोणत्या ओळीला पडल्या आणि तुम्ही स्वतः कोणत्या ओळीला थांबलात, हे दोन्ही लिहून ठेवावे. ती एकच ओळ असेल असे नाही. एखादी कविता मनात राहिली तर सत्र संपल्यावर कवीला भेटून ती कोणत्या संग्रहात किंवा अंकात छापली आहे हे विचारावे. गावातल्या संमेलनात कवी मंडपातच भेटतो, आणि डाव्या पानासाठी ओळी अचूक मिळवण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे.